तसवीर साफ न्हाय

माणसाकडं बघून ज्याला माणूस सोडून बाकी सगळं दिसायचं, असा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला: आमच्या शेजारचे एक्स-रेवाले काका. निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि धाराशिवच्या एका दवाखान्यात ते यंत्र नवंनवं आलं होतं. तेव्हापासून काकांना चेहरे लक्षात राहीनात. भर बाजारात त्यांनी एका हेडमास्तरांना अडवून विचारलं, "मोडलेली तिसरी बरगडी तुमचीच ना?" माझ्यासाठी मुलगी बघायला काकांना घेऊन गेलो, तर पोह्यांची बशी हातात घेऊन यांनी निकाल दिला, "कणा सरळ हाय. होकार द्या." मुलीचे वडील ताडकन उठून उभे राहिले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरा हादरा बसला तो माझ्या ताईच्या वेळी. महिनाभर खोकला, अंगात तापाची कसर. माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, क्षय. थोरली आत्या त्यातच गेली होती. ताईच्या सासूबाई तिला सोनारीहून घेऊन आल्या आणि आम्ही काकांचा दवाखाना गाठला. बायका मंगळसूत्र उतरवायला तयार होत नसत, म्हणून काका ते वर ओढून दातांत धरायला लावत. ताईला नेमका तेव्हाच खोकला आला, मंगळसूत्र सुटलं आणि सोन्याची वाटी फुफ्फुसावर उमटली.

"तसवीर साफ न्हाय," काका म्हणाले. "वाटीखाली काय हाय ते दिसंना. मंगळसूत्र काढा."

सासूबाई कडाडल्या, "माझा ल्योक जिता हाय! झाला तेवढा फोटू लई झाला. ऊठ गं."

ताई उठलीसुद्धा. तेवढ्यात काकू जेवणाचा डबा घेऊन आल्या. काका त्यांना म्हणाले, "आधी तू काढ." भरल्या दवाखान्यात! काकूंनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि खरंच गळ्यातलं काढलं. कुणीतरी देवीचं नाव घेतलं.

"बघा, उभा हाय का न्हाय मी?" काका सासूबाईंना म्हणाले. "आता सुनेचं काढा."

ताईनंच मंगळसूत्र काढून सासूबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

दुसरा फोटो काढून झाल्यावर फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत मी काकांच्या मागोमाग शिरलो. वाटीच्या जागी हुलग्याच्या दाण्याएवढा डाग होता. आणि काका स्वतःचीच नाडी चाचपत होते. "चालू हाय ना रं?" त्यांनी मला विचारलं. आणि मनगट माझ्यापुढं धरलं.

डाग वेळेत सापडला. ताईनं महिनोन्‌महिने सुया टोचून घेतल्या आणि ती बरी झाली. काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी मी नुसता त्यांचं मनगट धरून उभा राहिलो. 'चालू आहे, काका', एवढंच म्हणायचं होतं. ते राहूनच गेलं.