दमानं कोरलेली लेणी

लातुरात लेकीला न्यायला गेले, तर तिच्या क्लासच्या तळघरात ओलसर दगडाचा वास आला. ती पुस्तकावरच डोकं टेकून झोपली होती. मला खरोशाची लेणी आठवली.

माझ्या लहानपणी भूकंप झाल्यापासून आई कुठल्याच छताखाली झोपत नव्हती. बुद्धपौर्णिमेला लेणी बघायला गेलो, तर ती बाहेर उन्हातच थांबली. राखणदार म्हणाला, "पांडवांनी एका रात्रीत कोरली. भूकंपातबी खपली पडली न्हाई."

"एका रात्रीत व्हतंय का हे? आमच्या भिक्खूंनी लई दमानं कोरलंय, म्हणून टिकलंय," आई ठसक्यात म्हणाली अन् तरातरा आत शिरली. बुद्धाच्या पायाशी पदर उशाला घेऊन गाढ झोपली.

उन्हात ताटकळून मी चिडले, पण बाबांनी तिला उठवू दिलं नाही.

आज मीही लेकीला न उठवता तिच्याशेजारी बसून राहिले.