पळवली की पेटणारा दिवा

सोमवारी वडिलांची गाडी पासिंगला न्यायची होती, आणि चार्जिंगचा लाल दिवा काही केल्या विझत नव्हता. दोन-तीन फेऱ्या झाल्या की बॅटरी उतरायची. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. पासिंग झालं नाही तर ती भंगारात जाणार, हे थोरल्या भावाने घरात सांगून टाकलं होतं.

पनवेलच्या एका डॉक्टरांकडे वडील तीस वर्षं हीच गाडी चालवत होते. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा गाडी त्यांनाच देऊन टाकली. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, ते या गाडीच्या स्टिअरिंगवर घासलेल्या वडिलांच्या हातांमुळे. आता मी न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर नोंदी करतो. फिजिक्सशी माझा संबंध उरलेला नव्हता.

नाक्यावरच्या वायरमनभाईंनी डायनामो उघडून पाहिला, तो ठीक निघाला. मग त्यांनी कटआऊटची डबी बदलली. डायनामोची वीज बॅटरीला जोडायची आणि तोडायची, हे त्या डबीचं काम. डबी बदलूनही दिवा तसाच.

"हळू चालवली का विझतो, पळवली का पेटतो," वडील म्हणाले.

"चाचा, उलटं असतं," भाई हसले. "रेस दिली की विझतो. तुमचा चष्मा बदला आधी."

"चष्म्याला काय झालंय? तुजी मिशी पांढरी झालेली दिसते मला."

भाई गेले. मला मात्र वडिलांचं वाक्य सोडवेना. तीस वर्षं हाच डॅशबोर्ड पाहिलेला माणूस असं उगाच कसं सांगेल? शनिवारी दुपारी मी शेजारी बसलो आणि त्यांना हळूहळू रेस द्यायला सांगितली. दिवा मंद झाला, विझला. आणखी रेस दिली, तर पुन्हा पेटला.

"दिसला? का तुला पण चष्मा लागला?"

मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आकृती काढली. दिव्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं डायनामोकडे. कॉलेजात आम्ही मीटरचा काटा शून्यावर आणण्याचा प्रयोग करायचो. काटा शून्यावर आला म्हणजे वीज नाही असं नव्हे, दोन्ही बाजूंचा जोर सारखा झाला, हे सरांनी किती वेळा सांगितलं असेल. इथेही तेच होतं. जोर सारखा झाला की दिवा विझत होता, आणि डायनामोचा जोर वाढला की वीज उलट्या बाजूने येऊन तो पुन्हा पेटत होता. म्हणजे डायनामो भरपूर वीज करतोय, फक्त ती बॅटरीला जोडली जात नाही. मीटर लावला. बॅटरीवर बारा व्होल्ट, डायनामोवर वीसच्या वर.

मग नवी डबीसुद्धा का जोडत नाही? तिची एक वायर गाडीच्या पत्र्याला स्क्रूने कसलेली होती, तिला अर्थिंग म्हणतात. मी वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला धरलं, दुसरं त्या स्क्रूजवळच्या वायरला टेकवलं आणि वडिलांना रेस द्यायला सांगितली. डबीत टिक असा आवाज झाला.

"इजला रे," आतून वडील म्हणाले. "पळवतोय तरी इजलेला हाय."

तुकडा काढला, पुन्हा पेटला. टेकवला, टिक. पाच-सहा वेळा मी ते नुसतं ऐकण्यासाठी केलं.

मग स्क्रू काढून पाहिला. वायरखाली पत्रा नव्हता, रंग होता. चकचकीत निळा, तीन हातांचा, स्क्रूच्या भोकातसुद्धा. रंगातून वीज जात नाही. पासिंगसाठी गाडी नीट दिसावी म्हणून महिन्यापूर्वी सगळ्या डब्या सोडवून वडिलांनी बॉनेटच्या आत ब्रशने रंग दिला होता. आठ दिवस ते त्यात वाकलेले होते.

ते जवळ आले तेव्हा मी म्हणालो, "स्क्रू ढिला होता, बाबा."

"ढिला नसनार. मी कसलाय." त्यांनी वाकून पाहिलं. निळ्या रंगावर बोट फिरवलं. "मंजे माजाच रंग."

"तुम्ही सांगितलंत म्हणून सापडलं. दिवा कधी पेटतो ते."

"ते ऱ्हाऊ दे. पॉलिश पेपर आन."

मी आणलेला कागद त्यांनी माझ्याकडून घेतला आणि स्वतःच घासत बसले. आतला पत्रा उघडा पडला तरी ते थांबेनात.

सोमवारी आरटीओत साहेबांनी इंजिन चालू ठेवून लाइट, हॉर्न, वायपर सगळं एकदम लावायला सांगितलं. वडिलांनी रेस दिली. मी लाल दिव्याकडे पाहत होतो. तो विझलेलाच राहिला. साहेबांनी ब्रेक पाहिले, चेसिस नंबर पाहिला आणि सही केली.

"किती वर्सं दिली?" फाटकाबाहेर वडिलांनी विचारलं.

"पाच."

"पाच?" त्यांनी गिअर टाकला. "बरी दिली. मला कोन देतोय एवढी एकदम?"

ट्रेलरांच्या रांगेत एक फट दिसली, तशी त्यांनी गाडी आत घातली. भर दुपारी हेडलाइट चालूच होते. मी बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "घरापर्यंत बघू."