गेंदेरच्या रकान्यातलं नाव

सोलो शहरात गामेलानच्या, म्हणजे आमच्या पारंपरिक वाद्यवृंदाच्या, जुन्या कॅसेटवर कोण वाजवतंय हे ओळखायचं असेल, तर तुगिरान म्हाताऱ्याला गाठावं लागे. सगळे त्याला म्बाह म्हणत, म्हणजे आजोबा. पाच गावांच्या वादकांनी मिळून जुन्या ध्वनिमुद्रणांची एक यादी संगणकावर करायला घेतली, तेव्हा त्याला मानानं बोलावून खुर्ची दिली. कॅसेट लावायची, म्हाताऱ्यानं डोळे मिटायचे आणि एकेक नाव सांगायचं. आमच्याकडे माणूस मोठ्या दुखण्यातून उठला की नाव बदलतो, लग्न झालं की बदलतो, राजवाड्यात मान मिळाला की पुन्हा बदलतो. एकाच वादकाची ती तीन-तीन नावं एकत्र बांधणं तुगिरानशिवाय कोणाच्यानं होईना, आणि त्यामुळे स्वारीची कॉलर कायम ताठ असे.

यादी सांभाळणारी किनासिह स्वतः गेंदेर वाजवायची. बांबूच्या नळ्यांवर टांगलेल्या काशाच्या पट्ट्या दोन्ही हातांनी वाजवायच्या आणि त्याच हातांनी मागचा नाद दाबत जायचं, असं ते अवघड वाद्य. तुगिरानचंही तेच. एका सकाळी तिनं त्याचीच त्र्याऐंशी सालची कॅसेट लावली. याच कॅसेटनं त्याचं नाव झालं होतं आणि संगीतशाळेत नोकरी लागली होती.

"म्बाह, एक विचारू? रागवायचं नाही हं."

"रागवीन की. विचार."

"आपल्याला नेहमी एका माणसाची तीन नावं सापडतात. इथं मला एका नावाची दोन माणसं ऐकू येतायत. तुमचा डावा हात बाकी कुठंच असा चालत नाही. हा बाईचा हात आहे. सावल्यांचा खेळ करणाऱ्यांच्या घरातल्या बायका वाजवायच्या ना, तसा भरगच्च."

तुगिरानच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षांत एकाही उस्तादाला हे ऐकू आलं नव्हतं. शाळेतली पोरं 'कॅसेटसारखं वाजवून दाखवा' म्हणत तेव्हा तो 'आज हात बसत नाही' म्हणायचा, आणि पोरं त्याला थोर कलावंताचा लहरीपणा समजायची.

"बायकोनं वाजवलं होतं," तो कसाबसा म्हणाला. "माझा हात सुजला होता त्या दिवशी. एवढी एकच कॅसेट."

किनासिहचा चेहरा उजळला. "काय सांगता! नाव काय त्यांचं?"

बाहेर ती तुगिरानची बायको. घरात 'बुने', पोरांची आई. तिचं नाव घेऊन त्याला कित्येक वर्षं झाली होती.

"उद्या सांगतो."

"सांगा. आणि नाव बदललं की कारण लिहावं लागतं बरं का. पाचही गावांना दिसतं ते."

घरी बायको वळचणीखालच्या आपल्या टपरीवर पेचेलसाठी, उकडलेल्या भाज्यांवरच्या चटणीसाठी, शेंगदाणे वाटत होती. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं स्टूल ओढलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

तिचा हात थांबला नाही. "हात सुजला होता?"

"तसं म्हणालो मी."

"अहो, दारू ढोसून भिंतीला टेकून बसला होतात. तोंडाला लाळ. तुमचा सदरा मी नळावर धुतला, मग आत जाऊन वाजवलं."

"हळू बोल, बुने."

"का? आता तर पाच गावांना सांगायचंय ना? आणि एक कुठली? तीन होत्या."

तीन होत्या हे तुगिरानला पक्कं ठाऊक होतं. तिला आठवत नसेल असं त्यानं मनाशी धरलं होतं. कबुली देतानाही आपण दोन कॅसेट खिशात ठेवल्या, या विचारानं त्याला स्टुलावर बसवेना.

"लिहाल तेव्हा लिहाल," ती म्हणाली. "आधी माझं नाव सांगा बघू."

"वार्सियेम."

"हं. आठवतंय म्हणायचं." तेवढ्यात शेजारीण पेचेल मागायला आली आणि ती तिच्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी त्यानं किनासिहला बाकीच्या दोन कॅसेटही काढायला लावल्या. तिन्ही ओळींत गेंदेरच्या रकान्यातलं स्वतःचं नाव त्यानं एका बोटानं पुसलं आणि वार्सियेम लिहिलं. मग कारण. किनासिह म्हणाली, "नुसतं 'चूक दुरुस्त केली' लिहा, म्बाह. चालतं."

"चूक नव्हती ती."

बराच वेळ शोधून शोधून एकेक अक्षर दाबत त्यानं लिहिलं: दारू प्यालो होतो. वार्सियेमनं वाजवलं. श्रेय मी घेतलं. तेच पुन्हा दोनदा लिहिलं. आपण एवढं केलं म्हणजे आता थोडं हलकं वाटेल, अशी त्याची समजूत होती.

किनासिहनं वाचलं. त्याला लाज वाटू नये म्हणून तिनं घाईघाईनं विषय बदलला.

"त्या अजून वाजवतात का हो? मी शिकायला येईन. खरंच येईन, उद्यापासून."

"घरात गेंदेर नाही."

"वादकाच्या घरात गेंदेर नाही? विकलंत की काय?"

"देऊन टाकलं," तो म्हणाला. "तिसऱ्या कॅसेटनंतर. ती रोज सकाळी वाजवायची. रस्त्यावर ऐकू जायचं. कोणीतरी हात ओळखला असता."