आधी दोन घास

विमलअक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी दोंडाईच्याला आमच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर होतो. पलीकडून भाऊ, म्हणजे अक्काचे यजमान, एवढंच म्हणाले, “तुनी अक्का गई रे...” समोर लाल मिरची वाळत पसरलेली, वारा सुटलेला, सगळ्यांच्याच डोळ्यांना धारा लागलेल्या. त्यामुळे मी रडतोय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. अक्काला हे सांगितलं असतं, तर ती पोट धरून हसली असती. ती आमच्या शेजारच्याच घरात वाढली, याच मिरचीत शिंकली आणि पुढे धुळ्याच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवू लागली. आम्ही वाहत्या नाकाला वैतागलो की म्हणायची, “वाहू द्या. शरीर स्वतःचं अंगण धुतंय.”

काही वर्षांपूर्वी माझ्या पोटात आग पडायला लागली. दुर्बिणीने तपासलं तर आत जखम. घरात निकाल लागून गेला, दोष मिरचीचा! वडिलांनी मला पथारीवरून उठवून जळगावला, पिंप्राळ्यातल्या मावसभावाच्या कापडदुकानात धाडायचं ठरवलं. मिरचीशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं, आणि मोडून पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. जाता जाता धुळ्याला उतरलो. दारातच अक्काने तोंड बघितलं आणि भाकरीचं ताट पुढे सरकवलं. “आधी दोन घास खाई ले, मंग बोल.” मी बोललो. तिने एकच विचारलं, “डोकं दुखलं की काय घेतोस?” मिरचीच्या हंगामात आमची डोकी ठणकतात, आणि सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर दुखण्याची गोळी घेणं ही पथारीवरची रीतच. “डॉक्टरांना सांगितलंस हे?” नव्हतं सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं. “मिरचीनं नाव कशाले खराब करस रे बाबा!”

मग तिने तिच्या टेबलाच्या काचेखालचं वाळकं बेलाचं पान दाखवलं. पोटाला आतून अस्तर असतं, त्यावर बुळबुळीत थर. तिथल्या पेशी त्या थरात चिमुकली प्रथिनं सोडतात, तीन वेटोळ्यांची, या पानासारखी. ती थराला घट्टपणा देतात. ती म्हणाली, “तुझ्या गोळ्यांनी तोच थर पातळ केला. आणि गंमत ऐक. अस्तराला ओरखडा पडला ना, की नव्या पेशी जन्माला यायची वाट कुणी बघत नाही. या प्रथिनांच्या मदतीने शेजारच्या पेशी सरकतात, पसरतात आणि उघडी जागा झाकून घेतात. आधी झाकायचं, भरून काढणं मागून.” त्याच दिवशी तिने मला डॉक्टरांकडे परत पाठवलं. गोळ्या बंद झाल्या, औषध बदललं, जखम भरली आणि मी पथारीवर परतलो. आज माझ्या घरात चूल पेटते ती तिच्या त्या एका प्रश्नामुळे. तिचे आभार मी कधी नीट मानलेच नाहीत, कारण तोंड उघडलं की ती ताट पुढे करायची...

परवा धुळ्याला गेलो. भाऊ तिच्याच खोलीत, त्याच टेबलाशी बसलेले. गळ्याची हाडं वर आलेली. अक्का गेल्यापासून ते धड जेवत नाहीत, हे मला फोनवर कळलं होतं. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो. तेवढ्यात शेजारच्या सुमनताई पदराखाली झाकलेलं ताट घेऊन आल्या. सकाळी समोरच्या घरातून येतं म्हणे, संध्याकाळी त्यांच्याकडून. कुणी ठरवून दिलेलं नाही. भाऊंनी नेहमीसारखा नको म्हणून हात वर केला. सुमनताईंनी काचेवर, बेलाच्या पानाशेजारीच ताट ठेवलं आणि थेट अक्काच्या सुरात म्हणाल्या, “भाऊ, आधी दोन घास खाई ल्या, मंग बोला.”

भाऊंचा हात तसाच थांबला. मग त्यांनी भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, आणि उरलेल्या अर्धीतला पहिला घास तोंडात घातला.