सकाळी आठचा आवाज

इमर्जन्सीतून सुट्टी झालेल्या पेशंटला घरी काय काळजी घ्यायची ते सांगण्यासाठी आमच्या दवाखान्यात सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि निवडीचं काम माझ्याकडे आलं. मी रेकॉर्ड बघत असे. इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. नाही म्हणणं मला जमत नसे.

दोन सॉफ्टवेअर उरली होती. एक मोठ्या अक्षरांत कागद छापून देणारं. दुसरं सात दिवस रोज सकाळी आठला घरी फोन करणारं. ते सूचना सांगे, मग तब्येत विचारे. बरी असेल तर एक दाबा, नसेल तर दोन.

दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी मराठी आवाज हवा होता. "तुमचं मराठी पुस्तकासारखं आहे, तुम्हीच बोला," डॉक्टर सर म्हणाले.

"वापरलाच न्हाई न् कधी, कोरा राहिला आवाज," सिस्टर हसली.

आठवडाभरात पडद्यावर सगळी नावं हिरवी झाली. सगळे एक दाबत होते. सर खूश होते. मला ते हिरवं पटेना. फोनवरचं बोलणं साठवलेलं असे, म्हणून एका सकाळी मी हेडफोन लावून बसले. माझाच आवाज विचारी, "तुमची तब्येत बरी आहे का?" मग एकेक घर ऐकू येई. कोंबड्या, भांड्यांचा आवाज, कुणाचा तरी श्वास. "बरं हाय बाई. तुमी बऱ्या हाव का?" आणि शांतता. ती माणसं माझ्या उत्तरासाठी थांबलेली असत. आपल्याकडे कुणी तब्येत विचारली की बरंच आहे म्हणायचं असतं. मशीनला हे कुणी सांगितलं नव्हतं, मलाही आधी सुचलं नव्हतं.

त्यात सेनगावकडचा एक माणूस होता. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला; टाके घालून, काही तास ठेवून घरी पाठवलेला. पहिल्या दिवशी त्याचं "बरं हाय" एका दमात आलं. दुसऱ्या दिवशी अडखळत. तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्याच सकाळी, "बरं" म्हटल्यावर इतका वेळ गेला की फोन ठेवला असं वाटलं. मग जड जिभेनं, "हाय." नाव हिरवंच.

मी लगेच फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला.

"मी दवाखान्यातून बोलतेय. त्यांना उलटी झाली का?"

कानात बटणाचा आवाज आला. तिनं एक दाबलं होतं.

"ऐका, मी खरंच विचारतेय..."

पुन्हा बटण. मग तिचं बाजूला कुणाला तरी सांगणं ऐकू आलं, "सकाळचीच बाई हाय. आज दोनदा बोलून राहिली."

माझ्या तोंडून तो आवाज तसाच येत होता, सावकाश, स्वच्छ. तो काही केल्या माझा होईना. शेवटी मी ओरडले.

"अवं वहिनी, बटन नका दाबू! मशीन न्हाई, मी माणूस हाय! दादा सारखे झोपून राहिले का?"

बटणाचा आवाज थांबला.

"तुमी काहून ओरडून राहिल्या?" तिनं घाबरून विचारलं. मग हळूच म्हणाली, "व्हय. कालपासून. हाक मारली तर डोळे उघडतेत, अन् पुन्हा झोपतेत."

"जीप करा. आत्ताच्या आत्ता घेऊन या."

दुपारच्या आत ते आले. सरांनी तपासून त्याला तसंच नांदेडला पाठवलं. डोक्यात रक्त साठलं होतं, ऑपरेशन झालं.

मी सरांना कागदाचं सॉफ्टवेअर घ्या म्हटलं, आणि फोन माणसानं करावा. कोण करणार, त्यांनी विचारलं. मी, म्हटलं.

महिन्याभरानं सेनगावकडचा तो माणूस बायकोसोबत तपासणीला आला. टाळूवर नवे केस उगवत होते. मी सूचनांचा छापील कागद वाचून दाखवायला लागले, तसा तो खुर्चीत मागं सरकला.

"ह्याच व्हत्या की," तो बायकोला म्हणाला. "तीन दिस आपल्या घरात."

"घरात कुठल्या? फोनवर व्हत्या त्या."

"फोन न्हाई. जवारीच्या कोठीपाशी बसल्या व्हत्या, भिताडाकडं तोंड करून. चेहरा आज पाहून राहिलो."

तो बघतच राहिला. खालच्या दोन ओळी राहिल्या होत्या. त्या न वाचताच मी कागद त्याच्या बायकोच्या हातात दिला.