सगळ्यांना हवी असलेली वर्दी

सरकीला एक उबदार, किंचित तेलकट वास असतो. पौषातल्या सकाळी, तुरीच्या शेतांवरचे धुके अजून पुरते विरलेले नसताना, पुलगावहून आर्वीकडे निघालेली ती इवलीशी गाडी रोहण्याजवळ आली की तो वास डब्यात शिरायचा; आणि वर्षभर बूटपॉलिशच्या व ओल्या कांबळ्यांच्या वासाने बधिर झालेल्या माझ्या नाकाला, आपले गाव आले, हे डोळ्यांच्या आधी कळायचे. त्या वर्षी गाडी थांबली, मी ट्रंक घेऊन उतरलो, पण हवा नुसतीच थंड आणि कोरी होती. कापसाच्या ऐन हंगामात गावाबाहेरचे सरकी काढण्याचे जीन बंद होते.

फलाटावर मला घ्यायला दोन माणसे आली होती, आणि ती एकमेकांकडे पाठ करून उभी होती. एक माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, जिनातले मुकादम. त्यांना आम्ही घरात जवाईबापू म्हणत असू. दुसरा देवराव, माझा बालमित्र, जिनातल्या कामगारांचा पुढारी. दोघांनीही एकाच वेळी माझ्या ट्रंकेला हात घातला. दोघांचीही नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. ती माझ्या बाहीवरच्या हवालदारीच्या फितींवर खिळली होती.

मी कम्युनिस्ट होतो आणि मी फौजेत होतो. ही दोन विधाने एका श्वासात उच्चारली की ऐकणारा एकतर हसतो किंवा दार लावून घेतो, आणि या दोन्ही प्रतिक्रियांचा मला आयुष्यभर सारखाच वीट आला. वास्तविक मला फौजेत धाडले ते देवरावनेच. महायुद्धाच्या त्या दिवसांत, वर्ध्याला आम्ही एकाच खोलीत शिकत असताना, त्याने टेबलावर मूठ आपटून सांगितले होते की हे आता जनतेचे युद्ध आहे, फॅसिझमचा पाडाव करणे हेच क्रांतिकारकाचे कर्तव्य, तू भरती हो. मी भरती झालो. पुढे युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, पक्षाची भूमिका एकदा बदलली, मग पुन्हा बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर देवराव मला नव्याने सांगू लागला की मी नेमका कोणाचा चाकर आहे. भूमिका बदलणे त्याला सोपे होते. ती एका बैठकीत बदलते. माझ्या भरतीचे तसे नव्हते.

छावणीतल्या शाळेत मी जवानांना अक्षरे शिकवीत असे. आमच्या सुभेदारसाहेबांची व्याख्या सुटसुटीत होती: "कम्युनिस्ट माने जो न भगवान को माने, न बाप को." मी दोघांनाही मानत होतो, निदान बापाला तरी निश्चित, पण वाद घालण्याची सोय नव्हती. आणि रजेवर आल्यावर सिंदी मेघेला एका मित्राच्या ओसरीवर चालणाऱ्या अभ्यासमंडळात जाऊन बसावे, तर माझी चाहूल लागताच मार्क्सच्या वरकड मूल्यावरची चर्चा अकस्मात ज्वारीच्या भावाकडे वळे. बराकीत मी लाल, ओसरीवर मी खाकी. आपल्या श्रद्धेचे ओझे वाहायला माणूस तयार असतो. पण ती खरी आहे हे दोन्हीकडे शपथेवर सांगत फिरण्याचा त्याला कंटाळा येतो.

जीन बंद होते ते बायकांच्या संपामुळे. आत कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या शेजारीच त्यांच्या तान्ह्या मुलांच्या झोळ्या टांगलेल्या असत. हवेत रुईचे तूस अखंड तरंगत असे, उन्हाच्या तिरपेत ते हिमासारखे सुंदर दिसे, आणि तेच मुलांच्या नाकातोंडात जाई. माझ्या बहिणीची, सखूची, नऊ महिन्यांची पोर त्या थंडीत अशी खोकत होती की खोकल्यानंतर तिचा श्वास परत येईपर्यंत ऐकणाऱ्याचाच जीव अडकून राही. बायकांचे मागणे पगाराचे नव्हतेच मुळी. मुलांना ठेवायला वेगळी खोली द्या, एवढेच ते होते. पगाराचे कलम देवरावने मागाहून घातले.

त्या संध्याकाळी सखूच्या घरी, चुलीवर भाकरी फुगत असताना, जवाईबापूंनी विषय काढला.

"भाऊ, उद्या आंजीहून बैलबंड्या येऊन राह्यल्या, नव्या बाया घेऊन. तुमी फकस्त वर्दी घालून फाटकापाशी उभे राह्यजा. बोलू नोका काईच. संपावरच्या बाया आपसूक भितीन."

"मी रजेवर आहे, जवाईबापू. आणि त्या बायांत तुमची बायको आहे."

"म्हनूनच तं म्हंतो! मालकानं मले काढलं तं खाईन काय हे?"

ते दुष्ट नव्हते, भेदरलेले होते. त्यांचे ताट उचलले जाण्यापूर्वीच देवराव दारात उभा राहिला आणि मला बाहेर बोलावून त्याने आपले गाऱ्हाणे मांडले.

"उद्या सभेत तू वर्दीवर येजो. माह्या बाजूले नुसता बस. फौजेतला मानूस आपल्या संगं हाय, हे लोकाईले दिसू दे."

"अन् माझं कोर्टमार्शल झालं म्हणजे?"

"त्यागाशिवाय इतिहास घडत नाई, बाप्पा."

माझ्या त्यागाविषयी तो इतक्या उदारपणे बोलत होता. मला खरोखर हसू येत होते आणि त्याच वेळी रागही येत होता. दोघांनाही मी नको होतो. खुंटीवर टांगलेली ती वर्दी चालत फाटकापर्यंत गेली असती, तर दोघांनीही मला घरी झोपू दिले असते.

"दादा," आतून सखू म्हणाली, "तुमचं झालं असन तं पोरीले धर जरा. मले पानी आनाचं हाय."

सकाळी मी धोतर नेसून, खांद्यावर घोंगडी टाकून तिच्यामागून निघालो. फाटकापाशी पोलीस काठ्या टेकून जांभया देत होते. दूरवर धुक्यातून बैलांच्या घुंगरांचा नाद येऊ लागला, आणि बायकांच्या घोळक्यात एक अस्वस्थ कुजबुज पसरली. देवराव उलट्या पेटीवर चढून जगाच्या इतिहासापासून बोलायला लागला होता. तेव्हा सखूने काय केले, तर कमरेला गुंडाळलेला जुन्या लुगड्याचा तुकडा सोडून काढला, त्याचे एक टोक फाटकाच्या या दाराला आणि दुसरे त्या दाराला घट्ट बांधले, आणि मधल्या झोळीत पोरीला ठेवले. फाटक उघडायचे तर आधी झोळी सोडायला हवी होती. मग दुसरी बाई पुढे झाली, मग तिसरी. बघता बघता ते लोखंडी फाटक लुगड्यांच्या रंगीत झोळ्यांनी भरून गेले.

"झोका दे, दादा," सखू मला म्हणाली. "रडू नोको देऊ."

मी झोका देऊ लागलो. बंड्या आल्या. त्यांतल्या आंजीच्या बायका उतरून पुढे आल्या, झोळ्यांकडे पाहू लागल्या. पलीकडून, गजांच्या आड, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन जवाईबापू उभे होते. त्यांच्यामागून मालकाच्या दिवाणजींचा आवाज आला, "मुकादम, खोलो!" जवाईबापूंनी किल्ली कुलपाला लावली. पोर खोकली. एकदा, दोनदा, मग ती लांबच लांब उबळ. आम्ही दोघेही, गजांच्या या बाजूने मी आणि त्या बाजूने ते, तिचा श्वास परत येण्याची वाट पाहत थांबलो. तो आला. जवाईबापूंनी किल्ली काढून घेतली आणि ते आत निघून गेले. बंडीतून उतरलेली एक म्हातारी म्हणाली, "काऊन आनलं आमाले इथं? चाल वो, घरी चाल," आणि बंड्या वळल्या.

देवराव अजून बोलतच होता. झोका देणाऱ्या माझ्याकडे हात करून तो गरजला, "पाहा! फौजसुद्धा आपल्या बाजूनं उभी हाय!"

खोली मिळाली, पत्र्याची, पण वेगळी. पगार वाढला नाही. जवाईबापूंची मुकादमी गेली आणि ते पुलगावला हमालीला लागले. त्यांनी त्याबद्दल मला किंवा सखूला कधी शब्दाने दुखवले नाही. देवराव मात्र तडजोडीवर इतका संतापला की त्याने माझ्याशी बोलणे सोडले, कारण त्याच्या मते एका खोलीपायी बायकांनी क्रांती विकली होती आणि त्या सौद्यात मी झोका देत होतो.

फाटकापाशीचे त्याचे ते फौजेचे वाक्य, रजा संपवून मी परतण्याआधीच छावणीत पोहोचले होते. मेजरसाहेबांनी मला बोलावले. त्यांच्या टेबलावर चहा निवत होता.

"तुम कम्युनिस्ट हो?"

नाही म्हणणे सोपे होते, आणि त्यांनाही तेच ऐकायचे होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"हां, साहब."

त्यांनी डोळे मिटून कपाळ चोळले. "तुम्हारी वजह से अब मुझे कितना लिखना पड़ेगा, जानते हो? वहाँ कर क्या रहे थे?"

"बच्ची को झुला रहा था, साहब."

"और यहाँ? जवानों को क्या पढ़ाते हो?"

"अक्षर, साहब. आगे वे जो चाहें पढ़ें."

त्यांनी लिहायला कागद पुढे ओढला. मग त्यांनी मला शाळेवरून काढून कांबळ्यांच्या गुदामावर नेमले, बढती थांबवली, आणि 'जाओ' अशी खूण केली. मी सलाम केला. तो मनापासून होता, याचे मला स्वतःलाच आश्चर्य वाटले.

बाहेर ऊन कलले होते. मैदानाच्या कडेच्या निंबांची पाने पिवळी पडून गळत होती आणि धुळीला एक गोडूस, भाजका वास सुटला होता. जवान व्हॉलीबॉल खेळत होते. त्यांना अजून काही माहीत नव्हते. उद्यापासून त्यांच्या फळ्यासमोर कोण उभे राहणार, हे मलाही माहीत नव्हते.

"मास्टरजी, आइए! एक आदमी कम है."

"किस तरफ?" मी विचारले, आणि विचारता विचारताच मला जाणवले की इतकी वर्षे प्रत्येक जण मला हेच विचारत आला होता, आणि त्याचा वैताग असूनही मीही तो प्रश्न उचलला होता.

"जिधर जगह खाली है, उधर," कुणीतरी हसत म्हणाले.

मी कमरेचा पट्टा सोडून निंबाच्या फांदीला अडकवला आणि जाऊन उभा राहिलो. सूर्य अगदी डोळ्यांवर होता. चेंडू दिसत नव्हता, नुसता त्याच्यावर हात पडल्याचा आवाज आला, आणि मी दोन्ही हात वर केले.