वरळी ते फणसवाडी: वर्ग वाचवायला निघालेल्या आम्ही तिघी

मी वरळी कोळीवाड्यात संध्याकाळी मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर शिवाजी पार्कला नुसत्या फेऱ्या मारायचा कंटाळा आला, हे त्याचं खरं कारण. वर्गाच्या खोलीचं भाडं, पाट्या, पुस्तकं हा सगळा खर्च गिरगावच्या फणसवाडीतला एक जुना न्यास उचलतो. यंदा न्यासाचा निरोप आला, की मदत पुढे चालू ठेवायची तर शिकणाऱ्या बायकांना एकदा समोर बघायचं आहे. म्हणून ही सहल. मुंबईत राहून मुंबईचं कसलं प्रवासवर्णन, असं म्हणाल. आधी वाचा.

सोबत हिराबाई होत्या. साठीच्या, बाजारात मासळी विकणाऱ्या, आणि वर्गातल्या सगळ्यांत हुशार. त्यांच्याकडून मी एक धडा इतका घोटून घेतला होता की मलाच तो झोपेत ऐकू यायचा. दुसरी त्यांची धाकटी जाऊ, चंद्रा. तिला मी नेणारच नव्हते. चंद्रा वर्गाला नेमानं येते, सगळ्यांना हसवते, पण ‘क’ आणि ‘फ’ तिच्या लेखी अजून एकच आहेत. मात्र हिराबाई तिच्याशिवाय कोळीवाड्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. शेवटी मी चंद्राला बजावलं, की तिथे गेल्यावर तू फक्त नमस्कार करायचा. ती म्हणाली, “करीन की. माझा नमस्कार चांगलाय.”

निघताना तिच्या हातात एक पिशवी दिसली. न्यासाच्या साहेबांसाठी सुके बोंबील. मी नको नको म्हणत होते, तेवढ्यात बस आली. हिराबाईंनी पुढची पाटी मोठ्यानं वाचली, “ला-ल-बा-ग. लालबाग.” एकही चूक नाही. मला इतका आनंद झाला की मी त्यांची पाठ थोपटून दोघींना चढवलं आणि स्वतःही चढले. तिकीट काढताना कंडक्टरनं कुठे जायचंय विचारलं, तेव्हा लक्षात आलं की आम्हाला गिरगावला जायचं होतं. तो म्हणाला, “मॅडम, पाटी नाही वाचली?” यावर हिराबाई ताठ बसून म्हणाल्या, “वाचली. मीच वाचली.”

तर पहिली सूचना: पाटी बरोबर वाचली म्हणजे बस बरोबर असतेच असं नाही.

बोंबलांमुळे बसायला मात्र ऐसपैस जागा मिळाली.

लालबागला उतरलोच आहोत तर चिवडा गल्लीत डोकावू, असं ठरलं. गरम चिवडा हातावर ठेवून चव देतात, आणि चव घेऊन नुसतं पुढे जायला जो निर्ढावलेपणा लागतो तो आमच्यात फक्त चंद्राकडे होता. तिनं तीन दुकानांत चव घेतली. पुढे मसाल्याच्या दुकानांपाशी मिरच्या कांडणं चालू होतं. हिराबाईंना तिथली प्रत्येक पाटी वाचायची होती. शंकेश्वरी, बेडगी, पांडी. प्रत्येक नावाला एक शिंक. तिथे जाणार असाल तर रुमाल ओला करून न्या, आणि नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाला नेऊ नका.

उशीर झाला म्हणून तिथून टॅक्सी केली. चालकानं हुंगून एकदा आमच्याकडे, एकदा पिशवीकडे पाहिलं आणि चारही काचा खाली केल्या.

फणसवाडीत गाडी आतपर्यंत नेऊ नका. गल्ली अरुंद आणि फुलवाल्यांची गर्दी. न्यासाची कचेरी एका जुन्या इमारतीत लाकडी जिन्यानं वर गेल्यावर, आणि तिच्यामागेच विश्वस्तांचं राहतं घर. विश्वस्त अप्पासाहेब ऐंशीच्या घरातले, निवृत्त वकील. आजोबांनी स्थापन केलेला न्यास ते अजून स्वतः बघतात. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि मी उत्साहानं सांगत सुटले. वर्ग कसा छान चाललाय, सगळ्याच बायका कशा भराभर वाचायला लागल्यात, वगैरे.

अप्पासाहेबांनी टेबलावरचं वर्तमानपत्र हिराबाईंपुढे सरकवलं. घोटलेला धडा बाजूलाच राहिला. पण हिराबाईंनी पदर सावरला आणि बोट ठेवून अख्खी बातमी वाचली. कुठल्याशा पुलाच्या दुरुस्तीची होती. जोडाक्षराला थांबल्या, परत मागे आल्या, पण सोडलं काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“उत्तम,” अप्पासाहेब म्हणाले. “म्हणजे काम झालं.”

मी विचारलं, झालं म्हणजे?

त्यांनी शांतपणे समजावलं. न्यासपत्रात शब्द आहे ‘निरक्षर प्रौढांसाठी’. या बाई आता निरक्षर राहिल्या नाहीत. बाकीच्याही अशाच वाचतात, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. मग पैसे द्यायचे कुणासाठी? आजोबांच्या शब्दाबाहेर मला जाता येत नाही.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मी घाईघाईनं म्हणाले, की इतकं काही चांगलं वाचत नाहीत त्या, आणि हिराबाईंना हळूच कोपरानं ढोसलं. मनात आशा, की निदान पुढची बातमी तरी अडखळत वाचतील. हिराबाई माझ्याकडे वळल्या. “बाई, मारताय का? बरोबरच वाचलं ना मी?”

अप्पासाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग चंद्राकडे. “आणि तुम्ही?”

चंद्रानं पेपर घेतला. त्यातला फोटो बघून सांगितलं, की कुणी मोठा माणूस आलाय, हार घालून घेतलाय, बाकी नेहमीचंच. अप्पासाहेब म्हणाले, अक्षरं वाचा. ती बराच वेळ बघत राहिली. मग पेपर नीट घडी करून परत ठेवला.

“नाय येत मना. वरीस झाला जातंय, तरी नाय येत.”

“मग जाता कशाला?”

“बाजारात सगली भाव इचारतान. घरान पोरा मोबाइलमदी. तिथं बाई इचारते, चंद्रा, आज काय शिकलीस. तेवढ्यासाठी जातंय.”

मी वर्षभर तो प्रश्न वैतागून विचारत होते.

अप्पासाहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, की ह्या बाई न्यासपत्रात बसतात. आणखी एक वर्ष मदत चालू राहील. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, की बोंबलांचा वास मघापासून येतोय तो कुठून. चंद्रानं पिशवी पुढे केली. न्यासाला भेटवस्तू घेता येत नाही, असं त्यांनी कडक आवाजात सांगितलं, आणि आत हाक मारून बायकोला बाहेर बोलावलं. तिला घेता येत होती.

गिरगावात एका जुन्या खानावळीत मिसळ आणि पीयूष घेतलं. स्वस्त आणि मस्त, फक्त बसायला घाई करावी लागते. चंद्रा वर्ग वाचवल्याच्या थाटात जादा शेव मागत होती. हिराबाई मात्र मिसळ नुसती ढवळत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्या येवढा वाचला, आनी पैसं मिळालं हिच्या ढ डोक्यावर.” मी खूप समजूत घातली. दुसरं पीयूष मागवल्यावर राग थोडा उतरला.

परतताना वाट वाकडी करून मी दोघींना माझा शिवाजी पार्कचा कट्टा दाखवला. हिराबाई क्रिकेटच्या जाळ्यांपाशी लावलेली सूचना वाचायला गेल्या. चंद्रा जवळ सरकून बसली आणि तिनं खालच्या आवाजात विचारलं, “बाई, मी शिकले तर वर्ग बंद व्हईल?”

विमा कंपनीत आयुष्य गेलं, अटींची उत्तरं मला तोंडपाठ असायची. अशी अट तिथे कधी पाहिली नव्हती. मी म्हणाले, “तू शीक. पैशाचं मी बघते.” कसं बघणार, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

घरी आल्यावर पाय दुखत होते आणि पर्समध्ये बोंबलांचा वास होता, तो अजून गेलेला नाही. या सहलीला काय खर्च आला असं कुणी विचारलं तर टॅक्सी सोडून फारसा नाही. मी मात्र तिथून एक गोष्ट शिकून आले. आता ‘आज काय शिकलीस’ असं विचारते तेव्हा उत्तर मिळेपर्यंत थांबते.

दोन दिवसांनी वर्गावर गेले तर दाराशी चपलांचा ढीग. चंद्रा घरोघर फिरून नव्या बायका घेऊन आली होती. त्यांतल्या एकीलाही अक्षर येत नव्हतं. चंद्रानं अभिमानानं सगळ्यांना माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, “घे बाई. पुढच्या वर्षाची सोय झाली.” मग पुढच्या रांगेत जाऊन बसली आणि पाटी मांडीवर घेऊन मला म्हणाली, ‘क’ आणि ‘फ’ मध्ये नक्की फरक कुठला, तो आज एकदा नीट दाखव.